जुन्या व्हॅनमध्ये दुसरं इंजिन बसवलंय? मग तिचं मॅन्युअल तुम्हालाच लिहावं लागेल

मे महिन्यातली दुपार. चाळीसगाव सोडून कन्नड घाट चढायला सुरुवात केली होती. आमची गाडी म्हणजे जुनी महिंद्रा एफसी, कधीकाळी रुग्णवाहिका म्हणून राबलेली. आता तिच्यात मागे झोपायला फळी, छोटी शेगडी आणि पाण्याची टाकी. टेम्परेचरचा काटा बरोब्बर मध्यावर. शेजारी बसलेले दाजी म्हणाले, "काहीतरी गोडसर वास येतोय." मी काट्याकडे बोट दाखवून म्हटलं, "काही नाही हो, नॉर्मल आहे." पुढच्या दोन वळणांत इंजिनच्या झाकणाखालून वाफ निघाली. मागून आलेल्या ट्रकवाल्याने खिडकीतून विचारलं, "काय व्हयनं भाऊ?" काय व्हायचं राहिलं होतं! हेड गॅस्केट गेलं होतं आणि काटा अजूनही मध्यावरच होता.

काटा खोटं का बोलला याचं उत्तर नंतर धुळ्याच्या एका मिस्त्रींनी पाच मिनिटांत दिलं. गेज जुन्या गाडीचा, पण सेन्सर नव्या इंजिनचा. दोघांची ओळखच नव्हती. ज्या गॅरेजने इंजिन बसवलं त्यांनी वायर जोडली, काटा हलला, आणि काम झालं म्हणून सोडून दिलं.

इंजिन बदललेल्या गाडीची सगळी दुखणी अशीच असतात. इंजिन चांगलं असतं, गाडीही चांगली असते. बिघाड होतो तो दोघांच्या सांध्यांवर. म्हणून या लेखात ऑइल कधी बदलायचं यापेक्षा या सांध्यांबद्दल जास्त बोलू.

मुळात इंजिन बदलतात कशाला?

आपल्याकडे याचं कारण हौस कमी आणि डिझेल जास्त. विलिसने अमेरिकेत १९५६ च्या शेवटी एफसी-१५० आणली. एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल, नाक नसलेली जीप. पुढे ती महिंद्राने भारतात बनवली. तिच्यात आणि सीजे-३बी जीपमध्ये तेच 'हरिकेन' पेट्रोल इंजिन असायचं: चार सिलिंडर, २१९९ सीसी. दणकट होतं, पण पेट्रोल पाण्यासारखं प्यायचं. पुढे महिंद्राच्याच जीपमध्ये प्यूजोच्या परवान्यावरचं एक्सडीपी ४.९० हे डिझेल इंजिन आलं. नावातला ४ म्हणजे सिलिंडर आणि ९० म्हणजे बोअर, मिलिमीटरमध्ये. क्षमता २११२ सीसी. ते आलं आणि गावोगावच्या जुन्या पेट्रोल जीप डिझेलवर जाऊ लागल्या. कुणी प्यूजो टाकलं, कुणी महिंद्राचं २५२३ सीसीचं डीआय, कुणी मॅटाडोरचं. अ‍ॅम्बॅसिडरमध्ये मॅटाडोरचं इंजिन हे तर एके काळी महाराष्ट्रात सर्रास दिसायचं.

आमच्या एफसीत प्यूजो आहे, म्हणून उदाहरणं त्याचीच देतो. पण तुमच्याकडे दुसरं कोणतंही जोडकाम असेल तरी तत्त्व तेच. युरोप-अमेरिकेत फोक्सवॅगनच्या टी-३ कॅम्परमध्ये सुबारूचं इंजिन टाकणारे हजारो लोक आहेत. तिथे इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे असल्यामुळे पाण्याचे पाइप गाडीच्या लांबीभर जातात. त्यांचाही अर्धा वेळ पाइपांत अडकलेली हवा काढण्यात जातो. दुखणं तेच, फक्त घाट वेगळा.

तापमान: खानदेशातला पहिला शत्रू

जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो हे तुम्हाला सांगायला नको. पण त्याचा रेडिएटरवर नेमका किती परिणाम होतो, ते आकड्यात बघा. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकेल हे आतलं पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९० अंश आणि हवा २५ अंश असेल तर फरक ६५. तेच हवा ४५ अंश झाली की फरक उरतो ४५. म्हणजे तोच रेडिएटर, तोच पंखा, पण ताकद जवळपास एक तृतीयांशाने कमी. डिसेंबरात बिनतक्रार चालणारी गाडी मे महिन्यात उकळते ती यामुळे.

त्यात प्यूजोसारख्या जुन्या डिझेल इंजिनात डिझेल थेट सिलिंडरमध्ये न फवारता आधी हेडमधल्या एका छोट्या कप्प्यात फवारतात. त्या कप्प्याच्या भिंतींतून बरीच उष्णता पाण्यात जाते. जुना रेडिएटर मात्र पेट्रोल इंजिनच्या हिशोबाने बनवलेला. म्हणून इंजिन बदललेल्या गाडीत रेडिएटर हा 'चालतोय ना' म्हणून सोडून देण्याचा भाग नाही. तो रोडिंग करून घ्या, किंवा एक ओळ जास्तीची असलेला कोअर बसवून घ्या.

मग पंखा. नव्या इंजिनचा पंखा जुन्या रेडिएटरच्या मधोमध येईलच असं नाही. आमचा चार बोटं खाली होता. वरचा भाग वाऱ्याविना, खालच्या भागात दुप्पट वारा. घाटात गाडीचा वेग पंधरा-वीसचा, त्यामुळे समोरून येणारा वारा नावालाच. सगळी भिस्त पंख्यावर. पंख्याभोवती पत्र्याचं कडं, म्हणजे श्राउड, नसेल तर पंखा तीच गरम हवा गोल गोल फिरवत बसतो. पत्र्याच्या दुकानातून श्राउड बनवून घ्या. पात्यांची साधारण निम्मी रुंदी कड्याच्या आत आणि निम्मी बाहेर राहील असा बसवा. आमच्या गाडीत सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त फरक पडला तो याच कामाने.

थर्मोस्टॅटबद्दल एक वाद नेहमीचा. "आपल्याकडे उन्हाळा, थर्मोस्टॅट काढून फेका" असं निम्मे मिस्त्री सांगतात. ऐकायला पटतं. पण थर्मोस्टॅट काढला की हिवाळ्यात सकाळी इंजिन तापतच नाही, डिझेल नीट जळत नाही, ऑइल काळं होतं. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅटच बायपासची वाट बंद करतो. तो नसला तर काही पाणी रेडिएटरमध्ये न जाताच परत फिरतं आणि इंजिन उलट जास्त तापतं. बिघडलेला थर्मोस्टॅट बदला. तपासायला अगदी सोपं आहे: पातेल्यात पाणी तापवा, त्यात तो टाका, उकळीच्या आधी उघडतोय का बघा. (हे पातेलं नंतर चहाला वापरू नका, घरात भांडण होतं.)

आणि पाणी. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने किटलीच्या तळाला पांढरी खपली धरते ना? तीच इंजिनच्या आत धरते, आणि तिथे ती दिसतही नाही. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, प्रमाण डब्यावर लिहिलेलं असेल ते. बर्फ पडत नाही म्हणून कूलंट नको, हा गैरसमज आहे. कूलंट गंज थांबवतं आणि उत्कलनबिंदूही वाढवतं. रेडिएटरचं झाकणही तेच काम करतं: दाब साधारण १ पीएसआयने वाढला की पाणी दीड अंश उशिरा उकळतं. १३ पीएसआयचं झाकण म्हणजे वीसेक अंशांची उसंत. झाकणाचं रबर कडक झालं की ही उसंत गेली. पण जुन्या रेडिएटरला जोर सोसत नसेल तर जास्त दाबाचं झाकण लावून त्याचे जोड फोडून घेऊ नका. आधी रेडिएटरवाल्याकडून प्रेशर तपासून घ्या.

काट्याला खरं बोलायला शिकवा

आता आमच्या खोटारड्या काट्याकडे. टेम्परेचर सेन्सर म्हणजे तापमानानुसार बदलणारा रोध. गरम झाला की त्याचा रोध कमी होतो, जास्त करंट जातो, काटा वर चढतो. पण किती अंशाला किती रोध, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. गेज एका कंपनीचा आणि सेन्सर दुसऱ्या कंपनीचा असला तर काटा हलतो, पण त्याचा अर्थ लागत नाही.

सगळ्यात चांगलं म्हणजे गेज आणि सेन्सर जोडीने विकत घेणं. ते जमत नसेल तर काट्याची परीक्षा घ्या. सेन्सर काढा, वायर लावलेलीच राहू द्या, आणि त्याच्या धातूच्या अंगाला एक जादा वायर बांधून ती बॅटरीच्या निगेटिव्हला जोडा. मग सेन्सरचं टोक उकळत्या पाण्यात धरा. जळगाव-धुळ्याला पाणी ९९ अंशांच्या आसपास उकळतं. चावी ऑन करून काटा कुठे थांबतो ते बघा आणि काचेवर तिथे नेलपॉलिशने लाल खूण करा. आमच्या काचेवरची लाल खूण मध्यापासून फक्त एक रेघ वर आहे! म्हणजे त्या दिवशी घाटात मी ज्याला नॉर्मल म्हणत होतो, ते पाणी उकळी फुटण्याच्या बेतात असताना दिसणारं 'नॉर्मल' होतं. शिवाय पाणी संपून सेन्सर उघडा पडला की तो नुसती वाफ मोजतो, मग काटा खालीही येतो. म्हणून पाण्याची पातळी कमी झाल्यावर वाजणारा बझरही लावून घ्या.

ऑइल प्रेशरच्या गेजचंही असंच. त्याला उकळत्या पाण्याची परीक्षा चालत नाही. मिस्त्रीकडून एकदा यांत्रिक गेज लावून दोन्ही आकडे ताडून घ्या.

इंजिन आणि गिअरबॉक्स: लेथवाल्याच्या हातातलं आयुष्य

नवं इंजिन जुन्या गिअरबॉक्सला थेट बसत नाही. मध्ये एक जाड पोलादी प्लेट लागते. ही अ‍ॅडाप्टर प्लेट लेथवर बनते आणि तिच्यावर सगळं अवलंबून असतं. इंजिनच्या क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य एका रेषेत हवेत. मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांएवढा फरक पडला तरी शाफ्ट प्रत्येक फेऱ्याला थोडा वाकतो आणि पायलट बेअरिंग, ऑइल सील, क्लच प्लेट एकामागून एक बळी पडतात.

ओळखायचं कसं? क्लच दाबल्यावर किर्रर्र आवाज येतो आणि सोडल्यावर थांबतो. गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलमधून ऑइल गळतं. सील बदललं तरी तीन-चार महिन्यांत पुन्हा गळतं. हे दुसऱ्यांदा झालं की तिसरं सील आणायला जाऊ नका. गिअरबॉक्स उतरवून डायल गेजने हाउसिंगचा मध्य तपासून घ्या. मिस्त्री कंटाळा करतील, पण आग्रह धरा. आणि प्लेटचे बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळायला लावा. नवीन कामावर पहिल्या ५०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा.

फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्या रबरांवर बसतं ती, हा दुसरा सांधा. जुन्या पेट्रोल इंजिनचं कॉम्प्रेशन सातच्या आसपास, प्यूजोचं बावीसच्या आसपास. प्रत्येक स्फोटाचा धक्का किती वाढला ते बघा. चार सिलिंडरचं इंजिन दर फेऱ्याला दोन स्फोट करतं. आयडलिंग ७५० आरपीएमचं असेल तर सेकंदाला २५ धक्के. घर केलेल्या व्हॅनमध्ये हे लगेच कळतं, कारण कपाटातली ताटं-वाट्या भजन सुरू करतात. रबर फारच कडक असेल तर हे सगळे धक्के चेसिसवर वेल्ड केलेल्या ब्रॅकेटला बसतात. दर सर्व्हिसला ब्रॅकेटचं वेल्डिंग कपड्याने पुसून टॉर्चने बघा. केसाएवढी रेघ दिसली की तिथे गंजाची लाल पावडर जमलेली असते, तीच खूण.

वेगाचाही हिशोब एकदा करून ठेवा. या जीपच्या मागच्या अ‍ॅक्सलचा रेशो ५.३८. टायर एका फेऱ्यात साधारण सव्वादोन मीटर जातो. टॉप गिअरमध्ये इंजिन ३००० आरपीएमला असेल तर चाक मिनिटाला ५५७ फेरे, म्हणजे ताशी ७५ किलोमीटर. २५०० ला ६३. जळगाव-एरंडोल-पारोळा-धुळे हा महामार्ग आता रुंद झालाय, मागून गाड्या शंभरने येतात, आणि पाय आपोआप दाबला जातो. दाबू नका. रस्ता बदलला, अ‍ॅक्सल तोच आहे. डावीकडून साठने चला, इंजिन तुम्हाला दुवा देईल.

पेट्रोलच्या गाडीत डिझेल आल्यावर जे विसरतं

पेट्रोल इंजिन चावी बंद केली की बंद होतं, कारण ठिणगी जाते. डिझेलला ठिणगीच नाही. त्याला बंद करायला डिझेल तोडावं लागतं, सोलेनॉइडने किंवा ओढायच्या केबलने. सोलेनॉइड असला तरी केबल ठेवाच, आणि महिन्यातून एकदा केबलनेच इंजिन बंद करून बघा. गंजून अडकलेली केबल ऐन वेळी कामाची नाही.

पेट्रोल इंजिनच्या मॅनिफोल्डमध्ये थ्रॉटलमुळे व्हॅक्यूम तयार होतो, ब्रेकचा बूस्टर त्यावर चालतो. डिझेलमध्ये तसा व्हॅक्यूम मिळत नाही, म्हणून वेगळा पंप लागतो. आपल्याकडे तो बहुतेक वेळा डायनॅमोच्या मागे जोडलेला असतो आणि त्याला इंजिनमधून बारीक पाइपाने ऑइल जातं. हा पाइप हलून तुटला तर एकाच वेळी दोन गोष्टी होतात: इंजिनचं ऑइल रस्त्यावर आणि घाट उतरताना ब्रेकचं पेडल दगड. सर्व्हिसला तो हाताने हलवून बघा, घासत असेल तिथे रबर चढवा. आणि एक चाचणी घरीच करा: इंजिन बंद करून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, पेडल कडक होईल. मग पाय दाबून ठेवून इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली जायला हवं. नाही गेलं तर लळिंग घाट उतरायला निघू नका.

डिझेलच्या टाकीला परतीची लाइनही लागते, कारण पंप आणि नोझलमधलं जादा डिझेल टाकीत परत येतं. जुनी पेट्रोलची टाकी ठेवली असेल तर आतला गंज फिल्टरमध्ये येतो. पहिल्या वर्षी फिल्टर दुप्पट वेळा बदला. गाडी चालता चालता दम सोडून बंद पडली, तर बहुतेक वेळा फिल्टर चोंदलाय किंवा एअर धरली आहे. एअर काढायला शिका. रस्त्यावर दुसरं काही आलं नाही तरी एवढं यायला हवं.

अर्थिंगचं गौडबंगाल

हा किस्सा मला फार आवडतो, कारण तो भूतबाधेसारखा वाटतो. एका मित्राच्या जीपची अ‍ॅक्सिलरेटर केबल दर दोन महिन्यांनी जळायची. तुटायची नाही, जळायची. नवीन केबल, पुन्हा तेच. कारण असं निघालं की इंजिन बदलताना इंजिनपासून चेसिसला जाणारी अर्थिंगची पट्टी परत लावलीच नव्हती. इंजिन रबरावर बसलेलं, म्हणजे विजेच्या दृष्टीने हवेत. सेल्फ मारला की शेकडो अँपिअर करंट परतीची वाट शोधतो, आणि त्याला सापडायची ती बिचारी केबल.

तपासायला साधा मल्टिमीटर पुरे. एक टोक इंजिनच्या स्वच्छ धातूवर, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंग कमी आहे. घरवाल्या व्हॅनमध्ये बॅटरी मागे, सीटखाली हलवलेली असते, त्यामुळे हे आणखी महत्त्वाचं. डिझेलचा सेल्फ जास्त करंट ओढतो. जुनी पातळ केबल त्याला पुरत नाही.

वही

आता शीर्षकातलं मॅन्युअल. तुमच्या गाडीचा पार्ट दुकानात "एफसीचा द्या" म्हणून मिळणार नाही, आणि "प्यूजोचा द्या" म्हटलं तरी अर्धे चुकीचे येतील. पण बहुतेक भागांना गाडीचं नाव लागत नाही, माप लागतं. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो: ६२०३ म्हणजे जगात कुठेही आतून १७, बाहेरून ४० आणि रुंदीला १२ मिलिमीटर. ऑइल सीलवर आतलं, बाहेरचं आणि जाडीचं माप छापलेलं असतं. फॅन बेल्टच्या पाठीवर साइज असतो. होज पाइपचा आतला व्यास आणि वाकण्याचा आकार मोजून ठेवता येतो. गाडी उघडली की प्रत्येक नंबर वहीत लिहा, फोटो काढा. वर्षभरात तुमच्याकडे असं पुस्तक तयार होईल जे कोणत्याही कंपनीने छापलेलं नाही. मग पारोळ्याच्या छोट्या दुकानातही तुमचं काम अडत नाही. आमच्या वहीत ऑइल बदलाची तारीखही आहे: दर ५००० किलोमीटर किंवा सहा महिने, जे आधी येईल ते. जुनं डिझेल, वरून घाट आणि लो गिअर. यापेक्षा ताणून पैसे वाचत नाहीत.

कागदपत्रांचं काय?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत मनाला येईल तसा बदल चालत नाही, आणि इंजिन बदललं तर १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करावी लागते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ बनावटीशी विसंगत बदलांवर कडक भूमिका घेतली. त्यामुळे एमएच-१८ असो की एमएच-१९, इंजिन विकत घेण्याआधी आरटीओत विचारा, आणि इंजिनच्या मूळ मालकाची कागदपत्रं घ्या. आरसीवरचा इंजिन नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर जुळत नसेल, तर अपघातानंतर विमा कंपनीच्या हाती आयतं कारण मिळतं.

आणि "पन्नास वर्षं जुनी आहे, व्हिंटेजमध्ये टाकू" असा बेत असेल तर थांबा. केंद्राने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी 'व्हीए' मालिकेचा नियम आणला. त्यात पन्नास वर्षांची अट आहेच, पण गाडी मूळ रूपात असावी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नसावा, हीही आहे. म्हणजे इंजिन बदललेली गाडी तुमच्या-माझ्यासाठी व्हिंटेज, कायद्यासाठी नाही. मूळ हरिकेन इंजिन भंगारात दिलं नसेल तर ताडपत्रीत गुंडाळून ठेवा, असं मी सगळ्यांना सांगतो. आमचं तर केव्हाच विकलं गेलं.

एक शेवटचं, आणि हे एफसीसारख्या गाड्यांसाठी खास. यात इंजिन दोन सीटांच्या मधोमध, झाकणाखाली असतं. म्हणजे इंजिन तुमच्या बैठकीच्या खोलीत आहे. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट फुटलं तर धूर सरळ आत येतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झाकणाच्या कडेचं रबर दरवर्षी बदला. मॅनिफोल्डच्या जोडावर काजळीचा काळा पट्टा दिसला तर त्या रात्री गाडीत झोपू नका. आणि पंखा हवा, मोबाइल चार्ज करायचाय, काहीही कारण असो, इंजिन चालू ठेवून गाडीत कधीच झोपू नका. गौताळ्याच्या बाजूला डिसेंबरात रात्री चांगलीच थंडी पडते, काचा लावून घ्याव्याशा वाटतात. एक काच दोन बोटं उघडी ठेवा आणि घोंगडी जास्तीची घ्या.